गुणवत्ता शिष्यवृत्ती

गुणवत्ता शिष्यवृत्ती : परीक्षेत, एखाद्या विशिष्ट विषयात अथवा कला, क्रीडा, वक्तृत्व यांसारख्या क्षेत्रात विद्यार्थ्याची दिसून आलेली विशेष योग्यता ध्यानी घेऊन त्याच्या पुढील शिक्षणासाठी देण्यात येणारे व परतफेडीची अट नसलेले आर्थिक साहाय्य म्हणजे गुणवत्ता शिष्यवृत्ती होय. हे साहाय्य रोख रकमेच्या, शुल्कमाफीच्या किंवा निवास-भोजनातील सवलतीच्या रूपाने मिळते. पारितोषिक आणि शिष्यवृत्ती यांत भेद आहे. पारितोषिक झालेल्या कामगिरीबद्दल एकदाच दिले जाते. शिष्यवृत्ती पुढील अभ्यासासाठी असते आणि प्रगती समाधानकारक असेपर्यंत ठराविक काळ चालू राहते. संशोधकास मिळणाऱ्या अशा साहाय्यास अधिछात्रवृत्ती, तर प्रशिक्षणार्थीस मिळणाऱ्या मासिक रकमेस विद्यावेतन असे म्हणतात.

शिष्यवृत्त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : केवळ गुणवत्तेवर दिल्या जाणाऱ्या, केवळ आर्थिक गरज पाहून दिल्या जाणाऱ्या आणि या दोहोंचा मेळ घालणाऱ्या. तिसऱ्या वर्गात पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा प्रथम ठरविण्यात येते व त्या मर्यादेत बसणाऱ्या विद्यार्थ्यांमधून गुणानुक्रमे निवड होते. भारतातील बहुतेक शासकीय गुणवत्ता शिष्यवृत्त्या या तिसऱ्या वर्गात मोडतात. कर्जशिष्यवृत्ती हा यांहून निराळा प्रकार असून तीत रकमेची परतफेड करावी लागते.

कोणत्याही शिष्यवृत्तीचे स्वरूप चार गोष्टींवरून निश्चित होते : दाता कोण, गुणवत्तेचा पुरावा कोणता, अटी कोणत्या आणि निर्णय विद्यार्थ्यास प्रवेशापूर्वी कळतो की प्रवेशानंतर. शेवटची बाब वरवर पाहता केवळ कार्यालयीन वाटते. तथापि शिष्यवृत्तीचा प्रत्यक्ष परिणाम बव्हंशी तिच्यावरच अवलंबून असतो. रक्कम आधी कळल्यास विद्यार्थी तिच्या बळावर महाविद्यालय व अभ्यासक्रम निवडू शकतो. नंतर कळल्यास केलेल्या निवडीचा भार तेवढा हलका होतो.

इतिहास : महाराष्ट्रात विद्वत्तेची परीक्षा घेऊन द्रव्यसाहाय्य देण्याची परंपरा पेशवाईतील दक्षिणा वाटपापर्यंत मागे जाते. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगाव येथे सुरू केलेली श्रावणमासातील दक्षिणा पुढे पहिल्या बाजीरावाच्या काळापासून पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली. शास्त्रीपंडितांची योग्यता पाहून ती वाटली जाई. परंतु ती ब्राह्मणांपुरती मर्यादित होती. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यानंतर मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने ही प्रथा एकाएकी मोडली नाही. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा संबंध याच निधीशी होता. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी या निधीचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावा असा अर्ज सरकारकडे केला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे या चळवळीचे पुरस्कर्ते होते. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि पुढे निधीचा एक भाग महाविद्यालयीन अधिछात्रवृत्त्यांकडे वळविण्यात आला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे दक्षिणा फेलो होते. विसाव्या शतकात इरावती कर्वे यांनी गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठात जे संशोधन केले, तेही दक्षिणा अधिछात्रवृत्तीवरच. वंशपरंपरेने एका वर्णाकडे जाणारे दान पुढे विद्यापीठीय गुणवत्तेचे साधन बनले, हे या निधीच्या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेमध्ये वेस्ट व क्लेअर यांच्या नावांच्या शिष्यवृत्त्या होत्या. दादाभाई नवरोजी हे क्लेअर स्कॉलर होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर दानशूर नागरिकांनी ठेवलेल्या निधींतून अनेक शिष्यवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी जगन्नाथ शंकरशेट (१८०३–६५) यांच्या स्मरणार्थ मॅट्रिक परीक्षेतील संस्कृत विषयाच्या सर्वोत्तम यशाबद्दल दिली जाणारी शिष्यवृत्ती विशेष प्रसिद्धी पावली. चिंतामणराव देशमुख यांनी १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले येऊन ती मिळविली. रकमेपेक्षा मानाने मोठी अशी ही शिष्यवृत्ती होती. तिच्यामुळे शाळाशाळांतून संस्कृतच्या अभ्यासास चालना मिळाली. परदेशी शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती होती. तिच्या आधारे केंब्रिजला गेलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता कर्जशिष्यवृत्तीचा निधी उभारला. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या त्याच्या पहिल्या लाभार्थींपैकी एक होत.

संस्थानिकांच्या शिष्यवृत्त्यांमध्ये निवडीचा अधिकार दात्याच्या हाती असे व अटीही तोच घाली. सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर यांस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असता दरमहा २५ रु. दिले आणि १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावी असा करार त्यासोबत होता. याच्या अगदी उलट प्रकारची अट श्यामजी कृष्णवर्मा यांच्या शिष्यवृत्त्यांना होती : लाभार्थीने ब्रिटिश सरकारची नोकरी पतकरू नये. विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले ते श्यामजींमार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती हे दात्याच्या उद्दिष्टाचेही साधन असते, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

जोतीराव फुले यांचा आक्षेप : गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या तत्त्वाची मूलगामी चिकित्सा महाराष्ट्रात प्रथम महात्मा जोतीराव फुले यांनी केली. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगास सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांची पद्धत सदोष असल्याचे दाखवून दिले. ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे, त्यांनाच तिच्यामुळे अधिक उत्तेजन मिळते. स्पर्धेने निवड करण्याची रीत तत्त्वतः न्याय्य दिसली, तरी तिच्यामुळे इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्यांच्यात शिक्षण पोहोचलेले नाही, अशा वर्गांसाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात, अशी सूचना त्यांनी केली. परीक्षेतील गुण हे विद्यार्थ्याच्या बुद्धीबरोबर त्याच्या घरच्या परिस्थितीचे आणि शाळेचेही मापन करतात, हा विचार या आक्षेपाच्या मुळाशी आहे. पुढील शतकात शिष्यवृत्त्यांविषयी जी चर्चा जगभर झाली, तिचा गाभा हाच होय.

अमेरिकेतील उदारशिक्षण महाविद्यालये : महाविद्यालय स्वतःच शिष्यवृत्तीचा दाता असते, अशी पद्धत सर्वांत विकसित रूपात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते. तेथील ‘लिबरल आर्ट्‌स कॉलेज’ ही संस्था भारतातील कला महाविद्यालयाहून वेगळी आहे. ती बहुधा खाजगी, लहान व निवासी असून साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्रे, गणित व निसर्गविज्ञाने या सर्वांचे चार वर्षांचे पदवी शिक्षण एकाच छत्राखाली देते. शासकीय अनुदानावर ती चालत नाही. विद्यार्थ्यांचे शुल्क आणि देणगीदारांनी दिलेल्या कायम निधीचे उत्पन्न हे तिचे मुख्य आधार असतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन शिष्यवृत्तीचा पहिला निधी १६४३ मधील असून तो लेडी ॲन मोल्सन हिने हार्व्हर्ड कॉलेजास दिलेल्या १०० पौंडांच्या देणगीचा होता.

या महाविद्यालयांत गुणवत्ता शिष्यवृत्ती प्रामुख्याने पुढील रीतींनी दिली जाते : (१) आपोआप मिळणारी शिष्यवृत्ती : प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्याचे शालेय गुण व असल्यास प्रमाणित चाचणीचे गुण पाहून ठराविक श्रेणीनुसार रक्कम ठरते, वेगळा अर्ज लागत नाही. (२) स्पर्धात्मक शिष्यवृत्ती : यासाठी निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि मुलाखत यांची आवश्यकता असते. निवडक अर्जदारांस महाविद्यालयात एकदोन दिवस बोलावून प्राध्यापकांची समिती त्यांची पारख करते. संख्येने थोड्या असलेल्या या शिष्यवृत्त्यांची रक्कम मोठी, क्वचित संपूर्ण शुल्काएवढी असते. (३) कलागुण शिष्यवृत्ती : संगीत, नाट्य, चित्रकला, वादविवाद यांतील प्राविण्याबद्दल ती देतात. (४) विशिष्ट निधीची शिष्यवृत्ती : दात्याने घातलेल्या अटींत, उदा., एखाद्या प्रांतातील वा विषयातील विद्यार्थ्यांमध्ये, ती वाटली जाते. शिष्यवृत्ती पुढील वर्षी चालू राहण्यासाठी बहुतेक ठिकाणी किमान गुणसरासरी टिकवावी लागते.

निवडीमध्ये अर्जदाराची योग्यता पाहतात, त्याचबरोबर महाविद्यालयाची गरजही पाहतात. एका अर्जदारास अनेक महाविद्यालयांतून प्रवेशाची पत्रे येतात व सामान्यतः १ मेपर्यंत तो त्यांपैकी एक निवडतो. कोणता विद्यार्थी किती सवलत दिल्यास येईल, याचा अंदाज बांधून शिष्यवृत्तीची रक्कम ठरविली जाते. विद्यार्थ्यास ती सन्मान वाटते; संस्थेच्या हिशेबात मात्र ती छापील शुल्कातील सूट असते. अनेक खाजगी महाविद्यालयांचा निवास-भोजनासह वार्षिक खर्च अलीकडे ८०,००० डॉलरांच्या वर गेला असला, तरी खाजगी महाविद्यालयांत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरासरी सूट शुल्काच्या निम्म्याहून अधिक असते. प्रत्यक्ष किती भरावे लागेल याचा अदमास कुटुंबास घेता यावा, म्हणून २०११ पासून प्रत्येक महाविद्यालयास तसे गणनसाधन उपलब्ध करून देणे कायद्याने आवश्यक झाले आहे.

सर्वच महाविद्यालये ही पद्धत स्वीकारीत नाहीत. विल्यम्स, ॲम्हर्स्ट यांसारखी सधन व प्रतिष्ठित महाविद्यालये केवळ गरजेनुसार साहाय्य देतात. आमच्याकडे प्रवेश मिळालेला प्रत्येक विद्यार्थी गुणवानच असतो, तेव्हा त्यांच्यात पुन्हा गुणवत्तेवरून भेद कशाला, अशी त्यांची भूमिका आहे. उलट ओबर्लिन, ग्रिनेल, केन्यन इ. महाविद्यालये गरजेवर आधारित साहाय्याबरोबर गुणवत्ता शिष्यवृत्तीही देतात. १९५४ च्या सुमारास कुटुंबाची गरज मोजण्याची समान पद्धत अमेरिकेत रूढ होऊ लागली आणि काही काळ गरजेस प्राधान्य राहिले. १९५५ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील गुणवत्ता शिष्यवृत्ती कार्यक्रम सुरू झाला. १९८० नंतर विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांत स्पर्धा वाढली, तसा गुणवत्ता शिष्यवृत्तीचा विस्तार झाला. १९९३ मध्ये जॉर्जिया राज्याने शालेय गुणांवर आधारित ‘होप’ शिष्यवृत्ती सुरू केली व इतर अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. चांगल्या शाळांत शिकलेल्या सुस्थित कुटुंबांतील मुलांकडे या पैशाचा मोठा वाटा जातो, ही तिच्यावरील मुख्य टीका असून ती फुले यांच्या आक्षेपाशी मिळतीजुळती आहे.

स्वातंत्र्योत्तर भारत : भारतातील अनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शासन व विद्यापीठ यांच्या नियंत्रणाखाली असते आणि ते तुलनेने अल्प असते. त्यामुळे शुल्कात सूट देऊन विद्यार्थी आकर्षित करण्यास महाविद्यालयाला फारसा वाव नसतो. येथे शिष्यवृत्तीचा प्रमुख दाता शासन हाच असून महाविद्यालय हे अर्ज पडताळून पुढे पाठविणारी यंत्रणा असते. विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास स्थानिक देणगीदारांच्या ठेवींच्या व्याजातून काही महाविद्यालये बक्षिसे देतात. परंतु ती पारितोषिके होत, प्रवेशाच्या वेळच्या शिष्यवृत्त्या नव्हेत.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. ती गुणानुक्रमे न देता पात्र असलेल्या प्रत्येकास देण्याचे तत्त्व तिच्यात आहे आणि या दृष्टीने ती फुले यांच्या सूचनेच्या जवळ जाते. मुंबई राज्यात १९५९ मध्ये आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या पाल्यांसाठी शुल्कसवलत सुरू झाली. ‘ईबीसी’ या संक्षेपाने ती घरोघरी ओळखीची झाली. केंद्र शासनाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना १९६१ मधील होय. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ मध्ये विज्ञानातील प्रज्ञाशोध योजना सुरू केली. १९७६ पासून तीत समाजशास्त्रे व व्यावसायिक शाखांचाही समावेश झाला. ही योजना २०२१ नंतर स्थगित झाली. शालेय स्तरावर महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षांची परंपरा जुनी असून त्या दीर्घकाळ चौथी व सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जात. २०१६-१७ पासून त्या पाचवी व आठवीसाठी घेण्यात येऊ लागल्या. आठवीच्या स्तरावर केंद्राची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना २००८ पासून असून तीत देशभर दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या देण्याची तरतूद आहे व नववी ते बारावीपर्यंत वर्षास १२,००० रु. मिळतात.

पदवी स्तरावरील प्रमुख केंद्रीय गुणवत्ता शिष्यवृत्ती २००८ मध्ये सुरू झाली. पुढे ती प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा प्रोत्साहन योजनेचा भाग झाली. तीत दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्यांची तरतूद असून त्यांपैकी निम्म्या मुलींसाठी आहेत. राज्यांचा वाटा १८ ते २५ वयोगटातील लोकसंख्येवरून ठरतो आणि विज्ञान, वाणिज्य व मानव्यविद्या या शाखांत ३ : २ : १ या प्रमाणात शिष्यवृत्त्या विभागल्या जातात. आपल्या मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत संबंधित शाखेतील उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांच्या पुढे असलेला, नियमित पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेला आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असलेला विद्यार्थी अर्ज करू शकतो. दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती वा शुल्कप्रतिपूर्ती घेणारा विद्यार्थी अपात्र ठरतो. पदवीच्या काळात वर्षास १२,००० रु. मिळतात, ती चालू राहण्यासाठी वार्षिक परीक्षेत ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते.

वरील प्रमाणानुसार मानव्यविद्यांच्या वाट्यास एकूण शिष्यवृत्त्यांचा सहावा हिस्सा, म्हणजे देशभर तेरा हजारांहून थोड्या अधिक शिष्यवृत्त्या येतात. मूलभूत विज्ञानांच्या पदवीसाठी २००८ मध्येच सुरू झालेल्या ‘इन्स्पायर’ योजनेत, आपल्या मंडळातील पहिल्या एक टक्क्यात आलेल्या विद्यार्थ्यास वर्षास ८०,००० रु. मिळू शकतात, कला शाखेसाठी तिच्या तोडीची योजना नाही. परिणामी, दहावीस उत्तम गुण मिळविणारा गरीब विद्यार्थी कला शाखेकडे वळताना आर्थिक उत्तेजनाचाही त्याग करीत असतो.

मराठवाडा व आखाडा बाळापूर : मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजाम सरकारही परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देत असे. सरोजिनी नायडू १८९५ मध्ये अशाच शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. तथापि मराठी भाषक ग्रामीण विद्यार्थ्यास उच्च शिक्षण दुर्लभच होते : १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते व पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे, पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय निघाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९९४ मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे दक्षिण मराठवाड्यातील महाविद्यालये सोपविण्यात आली. आंबेडकर स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले होते. मराठवाड्यात दलित विद्यार्थ्यांची पहिली मोठी पिढी महाविद्यालयात आली, तीही भारत सरकारच्या शिष्यवृत्तीच्या आधारे.

आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील नांदेड-हिंगोली मार्गावरचे बाजारपेठेचे गाव. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा निर्माण होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात होते. सोयाबीन, कापूस व हळद ही या भागातील महत्त्वाची पिके असून विद्यार्थ्यांत शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुलामुलींचा भरणा आहे. गावातील नारायणराव वाघमारे महाविद्यालय हे नांदेड विद्यापीठाशी संलग्न आहे. अशा गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिल्यास गुणवत्ता शिष्यवृत्तीची भारतीय पद्धत तिच्या गुणदोषांसह स्पष्ट होते.

येथील बारावीच्या विद्यार्थ्याचे गुण छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाच्या परीक्षेतून येतात. परंतु केंद्रीय शिष्यवृत्तीसाठी त्याची तुलना संपूर्ण राज्य मंडळाच्या त्या शाखेतील विद्यार्थ्यांशी होते, म्हणजे पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांशीही होते. निकालानंतर तो महाविद्यालयात प्रवेश घेतो व मगच संगणकीय संकेतस्थळावर अर्ज भरतो : केंद्राच्या योजनांसाठी राष्ट्रीय, तर राज्याच्या योजनांसाठी ‘महाडीबीटी’ या. सोबत गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा पुरावा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, योजनेनुसार जातीचा दाखला आणि आधार क्रमांकाशी जोडलेले बँक खाते लागते. दाखल्यांसाठी सेतू केंद्र व कळमनुरीचे तहसील कार्यालय येथे खेपा घालाव्या लागतात. महाविद्यालयातील लिपिक अर्ज पडताळतो, नंतर वरच्या स्तरावर मंजुरी मिळते आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होते. नावातील एका अक्षराचा फरक, खात्याची न झालेली जोडणी वा विहित मुदत टळणे यांमुळे गुणवत्ता असूनही अर्ज मागे पडू शकतो. अर्जाची जाण असलेला शिक्षक किंवा लिपिक हा अशा ठिकाणी शिष्यवृत्तीच्या निर्णयातील अनधिकृत पण निर्णायक घटक ठरतो.

या पद्धतीत गुणवत्तेचा पुरावा एकच, म्हणजे परीक्षेतील गुण. त्यामुळे पक्षपातास वाव राहत नाही व मुलाखतीत शहरी, इंग्रजी बोलणाऱ्या अर्जदारास मिळणारा फायदाही टळतो. उत्पन्नाची मर्यादा असल्याने सधनांकडे पैसा जात नाही. हे तिचे मोठे गुण होत. उणीव आहे ती वेळेची. निर्णय प्रवेशानंतर कळतो आणि रक्कम त्याहूनही नंतर येते. तोवर प्रवेशशुल्क, पुस्तके, खोलीचे भाडे यांची सोय घरानेच केलेली असते. महिना हजार रुपये ही रक्कम गावी राहून शिकणाऱ्यास उपयोगी पडते. परंतु नांदेडच्या वा पुण्याच्या महाविद्यालयात जावे की नाही, हा निर्णय जूनमध्ये घेताना ती हिशेबात धरता येत नाही. ज्या कुटुंबापाशी शिल्लक नाही, त्याला रकमेच्या मोठेपणाहून तिची निश्चिती अधिक मोलाची असते. मुलीच्या बाबतीत तर तिला बाहेरगावी पाठविण्याचा प्रश्न पुष्कळदा याच अनिश्चितीत निकालात निघतो.

तुलना व मूल्यमापन : अमेरिकन पद्धतीत अर्जदारास प्रवेशापूर्वीच लेखी कळते की, त्याला चार वर्षे किती साहाय्य मिळेल, त्याच्या सर्वांगीण गुणांचा, निबंधाचा व छंदांचाही विचार होतो. तथापि निवडीची कारणे उघड होत नाहीत, रक्कम संस्थेच्या सोयीने ठरते आणि गरज नसलेल्यासही ती मिळते. भारतीय पद्धत नियमबद्ध, उघड व गरजेची दखल घेणारी आहे. पण ती उशिरा बोलते आणि परीक्षेबाहेरचे गुण तिला दिसत नाहीत. अलीकडे भारतात स्थापन झालेल्या काही खाजगी उदारशिक्षण विद्यापीठांनी प्रवेशाच्या वेळीच साहाय्य ठरविण्याची रीत स्वीकारली आहे, उदा., सोनपत येथील अशोका विद्यापीठ (२०१४) व बंगलोर येथील अझीम प्रेमजी विद्यापीठ (२०१०) गरजेनुसार शुल्कात सवलत देतात. मात्र त्यांची प्रवेशप्रक्रिया व अध्यापन इंग्रजीत असल्याने ग्रामीण मराठी विद्यार्थ्यापर्यंत हा लाभ क्वचितच पोहोचतो. शिष्यवृत्तीस पूरक असा आणखी एक मार्ग कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दाखविला. ‘कमवा व शिका’ हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे तत्त्व पुढे राज्यातील अनेक विद्यापीठांनी योजनारूपाने अंगीकारले.

दोन्ही पद्धतींच्या अनुभवावरून काही निष्कर्ष काढता येतात. आठवीच्या स्तरावरील शिष्यवृत्ती बारावीस थांबते आणि पदवीची शिष्यवृत्ती नव्या अर्जाने सुरू होते. हा खंड सांधला गेल्यास विद्यार्थ्यास आपल्या साहाय्याची खात्री शालान्त परीक्षेपूर्वीच मिळू शकेल. बारावीच्या निकालाबरोबरच पात्रतेचे पत्र देणे, प्रवेशाच्या वेळी पहिला हप्ता देणे व राज्यव्यापी क्रमवारीबरोबर तालुक्याच्या वा शाळेच्या क्रमवारीसही काही वाटा देणे, हे उपाय गुणांची कसोटी न सोडताही योजता येण्याजोगे आहेत. यांपैकी शेवटचा उपाय फुले यांच्या सूचनेचाच विस्तार होय : स्पर्धा ठेवावी, परंतु ती समान परिस्थितीतील विद्यार्थ्यांमध्ये असावी. गुणवत्ता शिष्यवृत्तीने आधीच सिद्ध झालेल्या यशाचा गौरव करावा की अद्याप संधी न मिळालेल्या बुद्धीस वाट करून द्यावी, या प्रश्नाचे उत्तर योजनेच्या नावावरून मिळत नाही. निवड कोणामधून होते आणि निर्णय केव्हा हाती पडतो, यावरून ते मिळते.